आईला १६ वर्षं शुगर आहे, आता दात हलतायत आणि जेवण तुटलंय. नाशिकमध्ये कुठून सुरुवात करू?

सिडकोकर_७८

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण पूर्ण वाचा प्लीज.

आई ७१ वर्षांची आहे, आम्ही सिडकोत राहतो, मूळ सिन्नरकडचे. मी सातपूरला कंपनीत लागलो त्याच वर्षी तिची शुगर निघाली, त्याला आता १६ वर्षं झाली. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे, बीपीसाठी अॅम्लोडिपिन आहे. आम्ही दुर्लक्ष केलंय असं नाही, डोळे वर्षातून एकदा तपासतो, किडनीचे रिपोर्ट करतो, पायाला कुठे खरचटलंय का ते माझी बायको रोज रात्री बघते. पण तोंडात कधीच कुणी बघितलं नाही, आम्हीपण नाही आणि कुठल्या डॉक्टरांनीही "आ करा" म्हटलेलं मला आठवत नाही.

झालं असं की दिवाळीला चिवडा केला, आईचा हात लागला की नाशिकभर वाटावा असा चिवडा होतो, पण तिने स्वतः एक चिमूटही खाल्ला नाही, घसा धरलाय म्हणाली. मग हळूहळू भाकरी बंद झाली. बाजरीची भाकरी नसेल तर जिला जेवल्यासारखं वाटायचं नाही ती दोन्ही वेळा मऊ भात मागायला लागली. संध्याकाळी चहात टोस्ट बुडवून, कधी दूध-पोहे. आम्हाला वाटलं वय झालं, चव बदलली.

दर मंगळवारी आमच्या कॉलनीत बायकांचं भजन असतं, आई टाळ घेऊन पुढे बसणारी. ते पण दोन महिन्यांपासून बंद. विचारलं तर गुडघे दुखतात. पण त्याच गुडघ्यांनी ती गच्चीवर पापड वाळत घालायला जाते हो, म्हणजे कारण वेगळं आहे हे कळत होतं पण काय ते कळत नव्हतं.

मागच्या आठवड्यात बायकोने आईचं लुगडं धुवायला घेतलं तर पदराच्या गाठीत दात सापडला. पुढचा, अख्खा, मुळासकट. तीन दिवसांपूर्वी भाताच्या घासात निघून आला होता आणि तिने तो पदरात बांधून ठेवला, कुणाला बोलली नाही. का बोलली नाहीस विचारलं तर म्हणे तुझ्या दोन्ही पोरांच्या फिया भरायच्यात, त्यात माझं कुठे काढू. मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी लगेच एका क्लिनिकमध्ये नेलं. त्यांनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची तपासणी) विचारला, ८.९ आहे सांगितलं, तर तोंड उघडून न बघताच म्हणाले आधी शुगर सहा-साडेसहावर आणा मग या. शुगरचे डॉक्टर म्हणतात भात-टोस्ट बंद करा, भाकरी-भाजी-कडधान्य खाऊ द्या. आता हलणाऱ्या दातांनी ती कडधान्य कसं चावणार? दात नीट नाहीत म्हणून शुगर उतरत नाही आणि शुगर उतरत नाही म्हणून दात बघत नाहीत. आम्ही कुठून सुरुवात करायची? नात्यातले सगळे सांगतायत की शुगरवाल्याचा दात काढला तर जखम भरत नाही, रक्त थांबत नाही. खरंय का हे? आणि ती अजून मिश्री लावते, सकाळी एकदा आणि दुपारी जेवणानंतर.

नाशिकरोडची_लेक

दादा, तुमचं वाचून माझे अण्णाच डोळ्यासमोर आले. तेही असेच, प्रेसमधून रिटायर झालेले, कडक माणूस, कधी कशाची तक्रार नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांचं वजन उतरायला लागलं तेव्हा आम्ही काय काय तपासण्या केल्या, पोटाची सोनोग्राफी झाली, थायरॉइड झालं, एकाने तर मनाला भलतीच शंका घातली आणि आम्ही घाबरून गेलो. शेवटी निघालं काय तर खालच्या दोन्ही बाजूच्या दाढा हलत होत्या आणि ते पुढच्या दातांनी जेमतेम तुकडा तोडून गिळत होते. सहा महिने! आणि आम्ही एकाच ताटाला बसत होतो.

मी एक शिकले, म्हातारं माणूस "दात दुखतो" असं म्हणतच नाही. भूक नाही म्हणेल, तिखट सोसत नाही म्हणेल, लग्नाला तुम्ही जाऊन या मी घर बघतो म्हणेल. अण्णांनी लग्नात जेवणं सोडलं होतं, कारण पंगतीत सगळ्यांचं होऊन जायचं आणि त्यांचं अर्ध ताट तसंच असायचं, लोक बघतात हे त्यांना नको होतं. हे त्यांनी मला नंतर सांगितलं, गाडीत, बाहेर बघत बघत.

तुम्ही लिहिलंय तसंच आमच्याकडेही भात, बटर, खारी, साबुदाण्याची खिचडी, शिरा असं सगळं मऊ चाललं होतं आणि शुगर २८०, ३०० दाखवायची. आम्ही त्यांच्यावर चिडायचो की चोरून गोड खाता का. त्या चिडण्याचं आजपण वाईट वाटतं.

दात होईपर्यंत जेवणाचं काय केलं ते सांगते, लगेच सुरू करण्यासारखं आहे. भाकरी बंद नाही केली, ताजी गरम भाकरी आमटीत कुस्करून दहा मिनिटं झाकून ठेवायची, अगदी मऊ होते. मुगाची धिरडी, तीसुद्धा जाड आणि नरम, कुरकुरीत नाही. पालेभाजी मुगाच्या डाळीत गाळ शिजवून. काकडी-गाजर किसून दह्यात, त्यात दाण्याचं बारीक कूट. मटकी-हरभरा प्रेशर कुकरला चार शिट्ट्या जास्त देऊन रवीने घोटायचा. अंडं चालत असेल तर अंडं. पेरू त्यांना फार आवडतो, तो बिया काढून वाफवून दिला होता, त्यांनी अर्धाच खाल्ला पण खूष झाले. त्या गोळीवर उपाशी राहू देऊ नका मात्र, ग्लिमेपिराइडने शुगर एकदम खाली येते जेवण कमी पडलं तर, अण्णांना एकदा पहाटे दरदरून घाम फुटला होता.

आणि आईंना रागावू नका, पदरात बांधलेल्या दाताबद्दल तर अजिबात नाही.

दातांची_डॉक्टर

मी नाशिकमध्येच २० वर्षांपासून प्रॅक्टिस करते. इथून औषध लिहून देणार नाही, पेशंट बघितल्याशिवाय ते बरोबरही नाही, पण तुमच्या प्रश्नांची उत्तरं नक्की देते कारण हे माझ्याकडे आठवड्यातून दोन-तीनदा येतं.

आधी ती साडेसहाची अट. ७० च्या पुढच्या माणसाला, १६ वर्षांच्या डायबेटीसमध्ये, बहुतेक फिजिशियन स्वतःच इतका कडक आकडा धरत नाहीत, शुगर एकदम खाली जाण्याचा धोका असतो म्हणून ७.५-८ च्या आसपास समाधान मानतात. ठरवून करायची मोठी सर्जरी, इम्प्लांट वगैरे, त्यासाठी शुगर आटोक्यात यायची वाट बघणं योग्य आहे. पण तोंड तपासणं, एक्सरे काढणं, हिरड्यांची साफसफाई, ब्रश कसा करायचा ते शिकवणं, याला ८.९ आडवं येत नाही. आणि तोंडात पू असेल तर थांबायचंच नसतं, तेव्हा शुगरचे डॉक्टर आणि आम्ही फोनवर बोलून दोघं मिळून करतो, कारण तो पूच शुगर वर ठेवत असतो.

हे थोडं समजून घ्या. शुगर जास्त असली की हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, जंतूंशी लढायची ताकद कमी होते, हिरडी सुजते, दाताभोवतीचं हाड झिजतं आणि दात हलायला लागतो. ही पहिली बाजू. दुसरी बाजू अशी की हिरडीत कायमची सूज असली की त्यातून निघणारी रसायनं रक्तात जातात आणि इन्सुलिन नीट काम करत नाही, म्हणजे शुगर वाढते. तुम्ही जो फेरा लिहिलाय तो जेवणापुरता नाही, शरीराच्या आतही तोच चाललेला असतो. १९९३ मध्येच हिरड्यांच्या आजाराला डायबेटीसचं सहावं कॉम्प्लिकेशन म्हटलं गेलं, डोळे, किडनी, नसा यांच्या रांगेत. कॉक्रेन म्हणून संशोधनाचे आढावे घेणारी एक संस्था आहे, तिच्या २०२२ च्या आढाव्यात ३५ अभ्यास एकत्र बघितले, त्यात हिरड्यांची खोल सफाई केलेल्या डायबेटीसवाल्यांचा एचबीए१सी ३-४ महिन्यांत सरासरी ०.४३ ने उतरलेला दिसला. ऐकायला छोटा वाटतो, पण नवीन गोळी न वाढवता मिळालेला आहे तो. गोळ्या मात्र चालूच ठेवायच्या, दात साफ केले म्हणून शुगरची गोळी बंद करणारेही मी बघितलेत.

दात काढल्यावर जखम भरत नाही का? भरते. शुगर खूप जास्त असेल तर हळू भरते आणि इन्फेक्शनची भीती जास्त, म्हणून आम्ही काळजी घेतो. सकाळची वेळ घ्या, नाश्ता करून, नेहमीची गोळी घेऊन या, उपाशीपोटी अजिबात नको. बरोबर ग्लुकोमीटर आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणा, फक्त कागद नको, पाकिटंच. रक्त पातळ करायची गोळी असेल तर आपल्या मनाने बंद करायची नाही, आधी फोन करून विचारायचं.

पाकिटं का ते सांगते. अॅम्लोडिपिनने काही लोकांच्या हिरड्या वाढतात, दातांवर चढल्यासारख्या दिसतात. बऱ्याच वर्षांच्या मेटफॉर्मिनने बी१२ व्हिटॅमिन कमी होऊ शकतं, मग जीभ लालबुंद गुळगुळीत होते, तिखटाने आग होते. तोंडाला कोरड पडते का हे विचारा, रात्री पाणी प्यायला उठतात का, कोरडा पापड गिळताना अडकतो का. थुंकी कमी झाली की दाताच्या मुळाशी कीड लागते आणि पांढरे चट्टे येतात, बुरशी असते ती. कोरड पडते म्हणून खडीसाखर किंवा गोळी चघळायला देऊ नका, घोट घोट पाणी द्या.

मिश्रीबद्दल स्पष्ट बोलते. तव्यावर भाजलेली असली तरी ती तंबाखूच आहे. तंबाखूने हिरडीतलं रक्त कमी होतं, त्यामुळे आजार आत वाढत राहतो आणि वरून रक्त आलेलं दिसत नाही, बाईला वाटतं माझ्या हिरड्या घट्ट आहेत. पण ५०-६० वर्षांची सवय आहे, आई बहुतेक ११-१२ व्या वर्षी सासरी किंवा माहेरी कुणाकडून तरी शिकल्या असतील, "उद्यापासून बंद" म्हटलं की लपवून लावतील. आधी दुपारची सोडायची, मग सकाळची. आणि गालाच्या आत, जिभेखाली कुठे पांढरा-लाल डाग किंवा १५ दिवसांत न भरलेली जखम आहे का ते डॉक्टरला मुद्दाम बघायला सांगा, हे विसरू नका.

शेवटचं. दातांच्या क्षेत्रात वयस्करांसाठी १२ प्रश्नांची एक यादी आहे, १९९० मधली, गोहाय म्हणतात. त्यात दात किती, कीड किती असं काही नाही. दातांमुळे खायचे पदार्थ कमी केले का, लोकांत मिसळणं कमी केलं का, चारचौघांत जेवताना अवघडल्यासारखं होतं का, असं विचारलेलं आहे, गेल्या तीन महिन्यांतलं. तुमच्या आईचं भजन त्या यादीत बसतं. डॉक्टरला दातांच्या आधी ते सांगा, कारण कुठला दात वाचवायचा, कवळी कशी करायची हे त्यावर ठरतं.

निफाडचा_शेतकरी

डॉक्टर मॅडम चांगलं लिहिलं. आमच्या मावशीचे सगळे दात एकदाच काढले न कवळी बसवली, झंझट मिटली. सिडकोकर भाऊंनी पण तेच करावं ना, एकेक दाताला हजार-दोन हजार घालण्यापेक्षा? आणि तोवर दुखलं तर लवंगेचं तेल लावतो आम्ही, माझी आजी तर अॅस्पिरीनची गोळीच दाढेपाशी धरायची. खर्चाचं पण सांगा कुणीतरी, द्राक्षाचे पैसे आल्याशिवाय आमच्यासारख्याला दवाखाना सुचत नाही.

दातांची_डॉक्टर

भाऊ, गोळी दाढेपाशी धरल्याने हिरडी भाजते, पांढरी पडून साल निघते, शुगरवाल्याला तर ती जखम महिनाभर छळते. लवंगेचं तेलही नुसतं हिरडीवर नको. कोमट मिठाच्या पाण्याची चूळ करा, तिने नुकसान नाही, पण तिने आजारही जात नाही.

सगळे काढायचे का, हे तपासल्यावरच. जे दोन-चार घट्ट आहेत ते वाचले तर कवळीला आधार मिळतो, विशेषतः खाली. खालच्या कवळीला टेकायला जागा कमी आणि जीभ सारखी ढकलते, त्यामुळे खालची नेहमी जास्त हलते. खालचे सुळे जरी टिकले तरी माणूस भाकरी खाऊ शकतो, मी एवढ्याशासाठी महिनोन्महिने सुळे सांभाळलेत. काढून झाल्यावर हिरडी बसायला वेळ लागतो, पक्की कवळी साधारण दोन-तीन महिन्यांनी घेतलेली बरी.

खर्चासाठी पंचवटीत दंत महाविद्यालय आहे, विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, खाजगीपेक्षा कमी लागतं, पण चार-पाच चकरा होतात, सकाळी लवकर जावं लागतं. सिव्हिललाही दाखवता येतं.

गोदाकाठचे_मास्तर

मी स्वतः ७६ वर्षांचा आहे, २२ वर्षं मधुमेह, वरती पूर्ण कवळी, खाली सहा दात शिल्लक. नातू टाइप करून देतो आहे, मी सांगतो आहे.

सगळं दवाखान्याचं सांगून झालं, मी आतल्या बाजूचं सांगतो. बाळा, तुझ्या आईने दात पदरात बांधला त्याचं तुला नवल वाटलं, मला नाही वाटलं. मी माझा कागदात गुंडाळून पेन्शनच्या पासबुकाच्या पिशवीत ठेवला होता. टाकवत नाही. लहानपणी पडलेला दात कौलावर टाकायचो, नवा येईल म्हणून. आता टाकायचा कुठे?

मी ३४ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. पुढचे दात गेल्यावर पहिल्यांदा गेले ते स आणि श. फोनवर "शशिकांत आहे का" म्हणता येईना. मग मी फोन उचलणंच सोडलं, बायकोला द्यायचो. सकाळी कट्ट्यावर आमचे आठ-दहा जण बसतात, तिथे मी बोलणारा माणूस, तो गप्प बसायला लागलो, मग गेलोच नाही. घरच्यांना वाटलं मास्तर शांत झाले. भजनाचं तसंच असणार. अभंगाची ओळ वरच्या पट्टीत घ्यायची तर तोंड पूर्ण उघडावं लागतं, आणि समोर सगळ्या बायका बसलेल्या. त्यात तोंडाला वास येतो की काय ही भीती, ही सगळ्यात वाईट, कारण ते कुणाला विचारताही येत नाही. माझ्या धाकट्या नातीने एकदा पापी घेताना नाक दाबलं, चार वर्षांची होती ती, तिची काय चूक, पण मी नंतर कित्येक दिवस तिला जवळ घेतलं नाही.

कवळीने जादू होईल असं आईला सांगू नकोस. पहिले १५ दिवस तोंडात दगड ठेवल्यासारखं वाटतं, थुंकी फार येते, कुठेतरी टोचतं. टोचलं की घरी कानशीने घासायचं नाही, माझ्या एका मित्राने घासली आणि नवी करावी लागली. डॉक्टर दोन मिनिटांत घासून देतात. मी रोज दार लावून मोठ्याने वाचायचो, पेपरचा अग्रलेख, पाऊण तास. तीन आठवड्यांनी श परत आला. आईला पाठ असलेला हरिपाठ एकटीने मोठ्याने म्हणायला सांग, मग मंडळात जाईल. तोंडाला कोरड पडते त्यांची वरची कवळी नीट चिकटत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मी घालण्याआधी पाण्याने ओली करतो.

रात्री काढून पाण्याच्या डबीत ठेवायची. मला लाज वाटायची बायकोसमोर काढायला, म्हणून दोन वर्षं घालून झोपलो, आणि टाळूला लाल बुरशी धरली. आता डबी उशाशी असते, तिची आणि माझी शेजारी शेजारी.

सिडकोकर_७८

सगळ्यांचे मनापासून आभार, मास्तर तुमचं मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं, आईपण पलीकडच्या खोलीतून ऐकत होती बहुतेक कारण रात्री ती स्वतःच माझ्याजवळ येऊन बसली.

मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं. वरच्या हिरड्या जांभळट सुजलेल्या, दाबल्यावर एका दाढेपाशी पिवळं आलं. जीभ लाल आहे, चट्टे नाहीत दिसले. विचारल्यावर म्हणाली रात्री तीनदा पाण्याला उठते, मला वाटायचं लघवीला उठते. गालात डाग आहे की नाही मला कळलं नाही, ते डॉक्टरलाच दाखवतो. भजनाचं विचारलं तर आधी काही बोलली नाही, मग म्हणाली गाताना दात बाहेर पडला असता तर.

शनिवारी सुट्टी आहे, पंचवटीला नेतोय, नाश्ता करून, गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरून ठेवलीत.

सिडकोकर_७८ (साडेतीन महिन्यांनी)

धागा वर आणतोय, कारण दोन जणांनी मेसेज करून विचारलं पुढे काय झालं.

एकूण नऊ चकरा झाल्या. वेळ जातो, रांग असते, दोनदा हाफ डे टाकावा लागला हे खरंय. पण पहिल्याच दिवशी तिथल्या मॅडमनी आईचं तोंड दहा मिनिटं शांतपणे बघितलं, गाल, जीभ, टाळू सगळं. डाव्या गालात मिश्री धरायच्या जागी पांढरट पट्टा आहे, तो धोक्याचा वाटत नाही म्हणाल्या पण दर तीन महिन्यांनी दाखवायचा आहे. पूवाल्या दाढेचं आमच्या शुगरच्या डॉक्टरांशी बोलून मग काढली. त्या दिवशी शुगर २१४ होती. जखम भरायला १२ दिवस लागले, रक्त पहिल्याच संध्याकाळी थांबलं होतं, नातेवाइकांना मी मुद्दाम फोन करून सांगितलं. एकूण पाच दात काढले, चार भागांत हिरड्यांची खोल सफाई केली, बाकीचे वाचले. बी१२ खूप कमी निघालं, त्याची इंजेक्शनं झाली, जिभेची आग गेली.

एचबीए१सी परवा केला, ८.१ आला. आता हे हिरड्यांमुळे, की भाताऐवजी कुस्करलेली भाकरी सुरू झाली म्हणून, की आम्ही सगळेच जास्त लक्ष द्यायला लागलो म्हणून, मला सांगता येणार नाही, डॉक्टरही म्हणाले सगळं मिळून आहे. गोळ्या त्याच आहेत. वजन दोन किलो वाढलं.

मिश्री पूर्ण सुटली नाही. दुपारची बंद आहे, सकाळची चालू आहे. ती डबी तिने स्वतः माझ्या बायकोकडे दिली आणि म्हणाली तूच देत जा, रोज थोडी कमी. त्यावर आम्ही काही बोलत नाही.

कवळीचं माप मागच्या सोमवारी घेतलं, वरच्या पुढच्या दातांची, अर्धीच आहे. मेणावर बसवलेले दात तोंडात घालून दाखवले तेव्हा तिने आरशात बघितलं, आणि मॅडमना म्हणाली दोन दात थोडे वाकडे ठेवा, माझे होते तसेच, नाहीतर मंडळातल्या बायका ओळखतील. मॅडमनी वाकडे ठेवलेत. पुढच्या गुरुवारी मिळणार आहे.

मास्तर, एक विचारायचं होतं, हरिपाठ म्हणायची प्रॅक्टिस कवळी आल्या दिवसापासून करायची का टोचणं थांबल्यावर? ती आत्तापासूनच विचारतेय.

गोदाकाठचे_मास्तर

पहिल्या दिवसापासून, पण आधी पाच मिनिटं, आणि हळू आवाजात. टोचलं तर त्याच दिवशी दाखवायला जा, थांबू नकोस. तुमचं मंडळ मंगळवारी किती वाजता असतं?

सिडकोकर_७८

दुपारी चार. गणपतीच्या देवळामागच्या हॉलमध्ये.